पडताळणी होईपर्यंत

१८ जानेवारी १९९८, रविवार. सकाळ.
दिवाळीला शेठने ऑफिसातल्या लोकांना डायऱ्या वाटल्या. एक उरली. कलर मास्तर म्हणाले, वाल्मिक, तू घेऊन जा. म्हणजे मिलमध्ये माझी गणती आता ऑफिसातल्या लोकांत होते. आजपासून रोज लिहिणार. मोठी माणसं लिहितात.

आज धनश्री बाळंतपणाहून परत येतेय. आप्पा स्वतः तिला पोचवायला येणार. आप्पा म्हणजे माझे सासरे धुडकू आप्पा, शिंदखेड्याजवळ शेती, बोलणं कमी, बघणं जास्त. लग्नात मी त्यांना सांगितलं होतं की मी सुरतेला पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कलर मास्तर आहे. हे खोटं नाही. मी कलर किचनमध्येच असतो, जिथे कापडाचे रंग बनतात. मास्तर रंगाचं नुसतं वजन करतात, ड्रम उचलून मशीनपर्यंत नेतो कोण? म्हणजे रंग माझ्या हातूनच चढतो.

तयारी जोरात. शेजारच्या मंगलाबाईंचा टीव्ही आणून ठेवला. समोरच्या राघोचा मिक्सर आणला आणि त्याची स्कूटर दारात लावली. टेबल फॅन आपलाच आहे, आप्पांनी लग्नात दिलेला. मंगलाबाईंचा फ्रिजही आणणार होतो, पण तो दारातून आत येईना.

रात्री.
सगळं फर्स्ट क्लास. आप्पा खाटेवर बसले. टीव्हीकडे बघितलं, मिक्सरकडे बघितलं, मान हलवली. आमची मुलगी पमी, तिला मी दिवाळीत एकदा पाहिलं होतं, आता चार महिन्यांची झाली. बारीक आहे, पण डोळे हुशार. तिने माझं बोट पकडलं. मी सोडवून घेतलं, कारण माझ्या बोटांचा निळा रंग कपड्याला लागतो.

चहा चालू असताना एक गुजराती गृहस्थ बॅग घेऊन आले. घरोघर फिरत होते. घरात काय काय आहे, कमाई किती, खाणारे किती. बहुधा टेलिफोनवाल्यांचे असावेत, कनेक्शन देण्याआधी बघतात. आप्पा समोर बसलेले. मी टीव्ही लिहा म्हणालो, पंखा लिहा, मिक्सर लिहा. त्यांनी विचारलं, "स्कूटर तमारुं छे?" मी नुसता हसलो, त्यांनी लिहून घेतलं. पगार मी इंग्रजीत सांगितला, फोर थाउजंड. आप्पांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. इतक्या योग्य वेळी आलेला माणूस मी पाहिला नाही.

आप्पा संध्याकाळच्या पॅसेंजरने गेले. मग मंगलाबाईंचा मुलगा टीव्ही न्यायला आला, राघो मिक्सर आणि स्कूटर घेऊन गेला. धनश्री पमीला मांडीवर घेऊन बघत होती. म्हणाली, "दखाडाले आणेल व्हतं का हाई सगळं?" दाखवायला आणलेलं का. मी म्हणालो, सर्व्हिसिंगला चाललंय. ती पमीला झोळीत ठेवायला उठली. समजूतदार आहे.

२७ जानेवारी, मंगळवार.
रोज लिहायचं राहिलं. कामाचा लोड.

आज जागृतीबेन आल्या. अंगणवाडीच्या. पमीला काट्याला लटकवून वजन केलं. कार्ड बनवलं, त्यावर एक तक्ता, तक्त्यावर पट्टे. पमीचं टिंब खालून दुसऱ्या पट्ट्यात आलं. जागृतीबेन म्हणाल्या, मोठ्या दवाखान्यात दाखवा, उशीर करू नका, फुकट आहे. अंगणवाडीत खाऊचं पाकीट मिळेल तेही न्या. मी सांगितलं, मास्तरची बायको लाइनीत उभी राहत नाही.

जाता जाता त्यांनी कामाची गोष्ट सांगितली. सरकारने नवी योजना काढलीय. मागच्या पंधरा ऑगस्टनंतर गरीब घरात मुलगी झाली असेल तर आईच्या हातात रोख पाचशे. मुलगी शाळेत गेली की दरवर्षी स्कॉलरशिप. पमी सप्टेंबरची! म्हणजे योजना जणू तिच्यासाठीच काढली.

धनश्रीने रात्री दवाखान्याचा विषय काढला. मी तिला योजना समजावून सांगितली. पहिली ते दहावी, सगळी. ती म्हणाली, पण पोरीला दूध पचत नाही. मी म्हणालो, तेच सांगतोय, पैसे आले की आपण सरकारी नाही, प्रायव्हेट डॉक्टरला दाखवू.

निश्चय: योजनेचे सगळे नियम पाठ करायचे.

२ फेब्रुवारी, सोमवार.
खाडा करून योजनेच्या सरकारी ऑफिसात गेलो. नियम पाठ होते, क्लार्कला त्यातले निम्मे माहीत नव्हते. पण त्याने एक यादी काढली आणि बोट फिरवत माझं नाव शोधलं. नाही. यादी गरिबांची. ती जानेवारीच्या सर्व्हेवरून केलीय. त्या सर्व्हेत माझ्या नावापुढे टीव्ही, पंखा, मिक्सर, स्कूटर, फ्रिजसुद्धा, चार हजार.

तो टेलिफोनवाला नव्हता.

मी सांगितलं, साहेब, त्यातला फक्त पंखा माझा आहे. क्लार्क म्हणाला, मग तेव्हा का नाही सांगितलंस? आता सासऱ्यांसमोर मी गरीब आहे असं कोणता माणूस सांगेल? हे सरकारला कळायला पाहिजे. सर्व्हे करताना आधी विचारलं पाहिजे, घरात सासरे आहेत का.

काळजीचं कारण नाही. चूक त्यांची आहे, म्हणजे दुरुस्तही तेच करणार.

२० फेब्रुवारी, शुक्रवार.
मंगलाबाई पेढे घेऊन आल्या. त्यांच्या सुनेला दिवाळीत मुलगी झाली. पाचशे मिळाले!

मंगलाबाईंच्या घरी टीव्ही आहे, फ्रिज आहे. मी विचारलं, तुम्ही यादीत कशा? त्या हसत सुटल्या. म्हणाल्या, त्या दिवशी आमचा टीव्ही तुझ्याकडे, आणि फ्रिज तुझ्या दारात अडकला म्हणून बोळात ठेवलेला. "त्यानं इचारलं, हा कोणाचा? मी सांगितलं, वाल्मिक मास्तरचा असंल." साहेबांनी त्यांचं घर रिकामं बघितलं आणि गरीब लिहिलं.

पेढा घेतला. धनश्रीने घेतला नाही. मंगलाबाई पमीजवळ वाकल्या. मग म्हणाल्या, बाई, हिला दाखव कुठेतरी. प्रत्येकाला दुसऱ्याच्या घरात सल्ला द्यायची सवय असते.

२३ फेब्रुवारी, सोमवार.
पुन्हा खाडा. फेरतपासणीचा अर्ज दिला. मी स्वतः लिहिला, दोन पानं, कोणाची मदत नाही. क्लार्क म्हणाला, साहेब घर जोवा आवशे, घर बघायला येतील. कधी, ते सांगत नाहीत, अचानकच येतात. म्हणजे घर खरं कसं आहे ते दिसतं.

बरोबर पद्धत आहे. मला आवडली. फक्त तयारीला वेळ मिळत नाही. म्हणून तयारी कायम ठेवायची.

१ मार्च, रविवार.
प्लॅन तयार. जानेवारीत घर भरलेलं दिसलं ही चूक झाली, आता घर रिकामं दिसलं पाहिजे. टेबल फॅन मंगलाबाईंकडे ठेवला. खाट राघोच्या गच्चीवर. धनश्रीच्या माहेरची पितळी भांडी पोत्यात बांधून माळ्यावर. दोन बल्बांतला एक काढला.

धनश्रीने विचारलं, पंखा का नेला? पोरीला घामोळं आलंय. मी समजावलं, पडताळणी होईपर्यंतच. ती पमीला जुन्या पुठ्ठ्याने वारा घालत बसली. तसा पुठ्ठ्याचा वारा पंख्यापेक्षा थंड असतो, पंख्यातून गरम हवा येते.

७ मार्च, शनिवार.
सकाळी दाराशी दुधाची थैली. एकदम लक्षात आलं, साहेब सकाळी आले तर? दारात दूध बघून गरीब कोण म्हणेल? थैली बंद केली. मी कोरा चहा सुरू केला, घरच्या कर्त्याने आधी त्याग करायला हवा. पमी आईचं पिते, तिला थैलीची गरज नाही.

धनश्री म्हणाली की आता अंगावर येत नाही. मी म्हणालो, मेथी खा. नंतर आठवलं की घरात मेथी नाही. उद्या आणतो.

१३ मार्च, शुक्रवार. धुळेटी.
मेथी राहिली.

बोळात रंग. वर्षभर रंगात हात असणाऱ्याने धुळेटी काय खेळायची? घरीच. पमीला ताप. मंगलाबाईंची नात दारात खुळखुळा आपटत होती. पमीहून दीड महिन्याने लहान आहे आणि दिसते मोठी. काही मुलं उगीच फुगलेली असतात.

आज पमीने परत माझं बोट पकडलं. पकड हलकी होती. पूर्वी सोडवावं लागायचं, आज आपोआप सुटलं.

२२ मार्च, रविवार.
जागृतीबेन. वजन घटलंय. टिंब अगदी खालच्या पट्ट्यात. त्या रागावल्या, म्हणाल्या, "भाई, आज ने आज लई जाव." आजच्या आज दवाखान्यात न्या. मी हो म्हणालो.

त्या गेल्यावर मी तक्ता नीट बघितला आणि डोक्यात प्रकाश पडला. टिंब जितकं खाली, तितकी आपली केस मजबूत! टीव्ही, स्कूटर यांचं मी काहीही सांगितलं तरी साहेब म्हणतील खोटं बोलतोस. पण हे कार्ड सरकारी आहे, सरकारी बाईने भरलंय, ते कोण खोटं म्हणेल? साहेब आले की कार्ड समोर ठेवायचं, शेजारी पमी. त्यांचे डोळे भरून येतील, जागेवर सही. त्याच दिवशी संध्याकाळी प्रायव्हेट डॉक्टर. आता चार दिवसांसाठी दवाखान्यात नेऊन बाळसं धरलं तर एवढी मेहनत पाण्यात.

हे कोणाच्याही लक्षात आलं नसतं. उद्या धनश्रीला समजावतो.

२ एप्रिल, गुरुवार.
समजावलं. वेळ निवडण्यात चूक झाली, ती दोन रात्री झोपलेली नव्हती.

मी सगळं शांतपणे सांगितलं. कार्ड, टिंब, साहेब, सही, संध्याकाळी डॉक्टर. ती ऐकत होती. मग एवढंच म्हणाली, "तुम्हले पोर पाहिजे का नुसतं कार्ड?" मी म्हणालो, हे सगळं पोरीसाठीच तर चाललंय. ती म्हणाली, मी एकटी घेऊन जाते, रस्ता सांगा. मी म्हणालो, साहेब त्याच वेळी आले आणि घरात आई नाही, बाळ नाही, तर? कुलूप बघून अर्ज कायमचा बंद. क्लार्कने स्पष्ट सांगितलंय.

तिने माझ्याकडे बघितलं. आप्पा बघतात तसं. त्यानंतर या विषयावर ती एकदाही बोलली नाही. पटलं असावं.

११ एप्रिल, शनिवार.
घरात शांतता आहे. धनश्री भांडत नाही, मागत नाही, काम करते, पमीला मांडीवर घेऊन दाराकडे तोंड करून बसते. आणि पमी आता रडत नाही. आधी रात्रपाळी करून आलो की तिच्या रडण्याने झोप यायची नाही. आता मी दिवसभर झोपतो.

राघोला सांगितलं, माझी मुलगी शहाणी झाली, रडतच नाही. तो म्हणाला, सहा-सात महिन्यांचं पोर रडत नसेल तर ते बरं नाही. राघोला स्वतःला मूलबाळ नाही.

पण दुपारी झोप आली नाही. दोनदा उठून पमीच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास लागला बोटाला. मला भीती वाटली. कशाची ते लिहीत नाही. साहेबांनी या आठवड्यात यावं.

१९ एप्रिल, रविवार.
साहेब नाहीत. शुक्रवारी क्लार्कला भेटलो, तो म्हणाला नंबर लागला की येतील. मी नंबर किती विचारलं, त्याने टेबलावरचा पंखा स्वतःकडे वळवला आणि कामाला लागला.

संध्याकाळी धनश्रीचा भाऊ गोपाल आला, अखाजीचं मूळ, म्हणजे माहेरचं बोलावणं घेऊन. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे प्रत्येक सासुरवाशीण माहेरी जाते, झोका, आमरस, खापरावरच्या पोळ्या. न पाठवणं चांगलं दिसत नाही. पण आता? पडताळणी कधीही होईल.

गोपालने पमीला हातात घेतलं आणि दारात उजेडाला नेऊन बघितलं. धनश्री चुलीपाशी पाठ करून बसलेली. तो म्हणाला, दाजी, शनिवारी मी न्यायला येतो. विचारलं नाही, सांगितलं. वयाने लहान आहे, बोलायची रीत शिकेल हळूहळू.

मी विचार केला. चार दिवसांचा प्रश्न. साहेब सणाच्या दिवसांत फिरत नाहीत. जाऊ दे.

२५ एप्रिल, शनिवार.
गेल्या. उधना स्टेशनवर गाडीत बसवून आलो. गर्दी, जागा मिळाली नाही, धनश्री दाराशी पेटीवर बसली.

चार दिवसांसाठी पेटी का, हे मला कळलं नाही. सकाळी बांधाबांध बघत होतो. गोधडी घेतली. एवढ्या उन्हात गोधडी? पमीचं लोकरीचं टोपडं घेतलं. थंडी यायला सहा महिने आहेत. झोळीची दोरी आढ्याच्या हुकातून सोडली आणि गुंडाळून पिशवीत टाकली. तिच्या माहेरी दोरी नाही का? बायका प्रवासाला निघाल्या की घर पाठीवर घेतात.

एका गोष्टीवर मी अडून बसलो. कार्ड ठेवून जा म्हणालो, साहेब आले तर लागेल. तिने ते ब्लाउजमध्ये ठेवलं होतं. माझ्याकडे बघितलंही नाही. गोपाल मध्ये उभा राहिला, म्हणाला, गाडी चुकेल.

गाडी हलली तेव्हा पमीचा हात बाहेर दिसत होता. मी बोट पुढे केलं. गोपालने तिला आत घेतलं, धूर येतो म्हणून असेल.

२९ एप्रिल, बुधवार. अखाजी.
मिल चालू. मंगलाबाईंनी आमरस दिला. तिकडे झोके चालू असतील, धनश्री गात असेल. माहेरची हवा लागली की पमी सुधारेल. फार सुधारायला नको, पडताळणी व्हायचीय. नाही, सुधारू दे. साहेबांना मी तोंडी पटवीन.

परत आल्यावर करायच्या गोष्टी: दुधाची थैली चालू. पंखा परत. मेथी.

१० मे, रविवार.
आल्या नाहीत. उन्हाळ्यात गाड्यांना फार गर्दी असते.

घर झाडलं. साहेब आले तर स्वच्छता दिसावी. झोळीच्या हुकाला शर्ट अडकवायची सवय लागलीय. हुक उपयोगाचा आहे.

मिलमध्ये मास्तरांनी विचारलं, बायको कुठे? सांगितलं, माहेरी, तब्येत सुधारायला. म्हणाले, तुझी का? मी हसलो. मग ड्रम उचलताना थोडा निळा सांडला. लगेच पुसून घेतला.

१७ मे, रविवार.
गोपाल आला. बरोबर धनश्री नाही, पमी नाही, दोन रिकामी पोती.

आल्या आल्या बसलासुद्धा नाही. म्हणाला, "दाजी, पोर वाचनी. तेवढं सांगाले आनि सामान लेवाले उनू."

पमी वाचली. मग त्याने सांगितलं. सुरतेहून गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी पमीला धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात भरती केलं. नळीतून दूध दिलं. डॉक्टरने आप्पांना विचारलं, पोर इतके दिवस अशी होती आणि कोणी आणली कशी नाही? आप्पा डॉक्टरसमोर मान खाली घालून उभे राहिले. आता घरी आणलीय. पिते. रडायला लागलीय. गोपाल म्हणाला, रडली त्या दिवशी आम्ही सगळ्या गल्लीला गूळ वाटला.

मी म्हणालो, मी उद्याच येतो न्यायला, फक्त साहेब येऊन गेले की. तो म्हणाला, "नका येवू. ताई येनार नई." मी विचारलं, किती दिवस? तो माळ्यावर चढला.

पितळी भांडी. परात. लग्नातली गादी. राघोच्या गच्चीवरची खाट. पंखा त्याने मंगलाबाईंकडून मागून घेतला, त्यांनी वायर गुंडाळून दिली. त्यांच्या घरात आप्पांचा पंखा बघून गोपालचा चेहरा कसा झाला ते मला लिहायचं नाही. सामान टेम्पोत चढवायला मीच मदत केली. खाट जड होती.

निघताना मी म्हणालो, आप्पांना सांग, मी मास्तर आहे. तो म्हणाला, आप्पांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. मिलमध्ये आमच्या गावचा किसन आहे. आप्पा म्हणायचे, जावई हौशी आहे, पोरीला जपतो ना, मग झालं.

टेम्पो वळेपर्यंत मी दारात होतो.

१८ मे, सोमवार. दुपार.
साहेब आले.

आज, आणि खरंच आले. मी बनियनवर होतो. ते दारात उभे राहिले, हातात जानेवारीचा कागद, वाचायला लागले. टीव्ही. पंखो. मिक्सर. स्कूटर. फ्रिज. प्रत्येक शब्दाला मान वर करून खोलीत बघायचे. खोलीत चटई, स्टोव्ह, एक पातेलं, हुकाला शर्ट. म्हणाले, "आ बधुं क्यां गयुं?" हे सगळं गेलं कुठे. तीन महिने मी या प्रश्नाचं उत्तर पाठ करत होतो. अर्जात दोन पानं लिहिलं होतं. एक शब्द आठवला नाही. मी म्हणालो, नव्हतंच.

ते आत येऊन फिरले. पातेल्यात बघितलं. माळ्यावर बघितलं. बल्ब मोजला, एकच. मग भिंतीला टेकून लिहायला लागले आणि म्हणाले, भाई, तू तो खरेखर गरीब छे. जानेवारीची नोंद रद्द, नाव यादीत घेतो. जिंकलो! एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कोणी सरकारी माणसाने माझं खरं मानलं.

मग म्हणाले, आईला बोलव, पैसे आईच्या नावावर असतात, तिची सही लागेल. आणि मुलगी दाखव. मी सांगितलं, माहेरी गेल्यात, अखाजीला. अखाजीला किती दिवस झाले हे त्यांना माहीत नसावं. नाव विचारलं, सांगितलं. जन्मतारीख विचारली, सांगितली. वय आठ महिने. सगळं कसं पाठ. ते खूश दिसले. पेन खिशात ठेवता ठेवता त्यांनी सहज विचारलं, त्यांच्या घरीही लहान नात असेल बहुधा, "बेसती थई?"

बसायला लागली का.

मी विचार करू लागलो. शेवटची पाहिली तेव्हा मांडीवर आडवी होती. त्याआधी झोळीत. त्याआधी काट्याला लटकवलेली. बसलेली पमी मला आठवेना. योजनेचे नियम आठवत होते, पंधरा ऑगस्ट आठवत होता, टिंबाचा पट्टा आठवत होता. मी म्हणालो, बसत असेल.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, पेन परत काढलं आणि कागदावर एक ओळ लिहिली. मला गुजराती वाचता येतं. बाळ हजर नाही, असं होतं. म्हणाले, आई आणि बाळ आल्यावर ऑफिसात या. पाणी मागितलं, मी पातेल्यातून दिलं. सगळे ग्लास गोपालने नेले.

संध्याकाळ.
मिलला गेलो नाही. अंगणवाडीच्या बाहेर उभा राहिलो. जागृतीबेन कुलूप लावत होत्या. त्यांना वाटलं मी खाऊचं पाकीट मागायला आलोय. त्यांना विचारलं, आठ महिन्यांची मुलगी बसते का.

त्या म्हणाल्या, तब्येत चांगली असेल तर बसते. पण सुरुवातीला कलंडते, म्हणून जवळ कोणीतरी बसायला पाहिजे, हात धरायला.

मी हो म्हणालो आणि घरी आलो.